बेदाण्यांचा सोपा यीस्ट ब्रेड: आधी फळांची तयारी, मग पिठाची

अबोली

गेले सात-आठ महिने दर शनिवारी मी एकच ब्रेड करतेय. मैदा, दूध, यीस्ट आणि भरपूर बेदाणे, जर्दाळू, खजूर. मळायचं अजिबात नाही. आता हात इतका बसलाय की सगळं एकदा नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

सुरुवातीचे चार-पाच ब्रेड वाईट झाले. एक दगडासारखा, एक मध्ये गिच्च, एकाचे वरचे सगळे बेदाणे जळून कडू. दर वेळी मला वाटायचं यीस्ट खराब असणार, म्हणून डबीही दोनदा बदलली. चूक फळांच्या तयारीत होती हे कळायला बराच वेळ लागला. म्हणून सुरुवात फळांपासूनच करते.

सुकी फळं पिठात गेली की नुसती बसून राहत नाहीत. बेदाण्यात पाणी जेमतेम १५ ते १८ टक्के असतं. तो तसाच कोरडा टाकला की पीठ फुगत असताना आजूबाजूचं दूध शोषून घेतो. पीठ घट्ट होतं, फुगत नाही आणि आपण यीस्टकडे बोट दाखवतो. भिजवून निथळता टाकला तर उलटा त्रास. पाणी पिठात सुटतं, प्रत्येक बेदाण्याभोवती चिकट कडं तयार होतं आणि तेवढाच भाग कच्चा राहतो.

म्हणून बेदाणे उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा, चाळणीवर निथळा आणि सुती फडक्यावर एकेरी थरात पसरून अर्धा-पाऊण तास वाळू द्या. चिमटीत दाबल्यावर बेदाणा मऊ लागला पाहिजे, पण बोट ओलं होता कामा नये. जर्दाळूचंही असंच करायचं, फक्त बेदाण्याएवढे तुकडे करून. खजूर मात्र भिजवू नका, पिठात विरघळून जातो. नुसता चिरून घ्या.

साहित्य (९ × ५ इंचांच्या एका टिनसाठी):
मैदा ४०० ग्रॅम
दूध २८० मिली
इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम (२ छोटे चमचे)
साखर ४० ग्रॅम
मीठ ८ ग्रॅम (सव्वा छोटा चमचा)
लोणी ४० ग्रॅम, वितळवून
फळं सगळी मिळून १६० ग्रॅम (भिजवण्याआधीचं वजन)

दूध कोमट करून त्यात वितळलेलं लोणी आणि साखर घाला. कोमट म्हणजे करंगळी बुडवल्यावर ना गार ना गरम. मैद्यात यीस्ट आणि मीठ मिसळा, दूध ओता आणि मोठ्या चमच्याने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत कालवा. बस. गोळा खरखरीत आणि चिकट दिसेल, त्यात मैदा वाढवू नका. झाकून ३० मिनिटं ठेवा.

आता ओल्या हाताने पीठ थोडं पसरा, फळं पेरा आणि चारही बाजूंनी कड ओढून मध्यावर घडी घाला. २० मिनिटांनी पुन्हा चार घड्या, २० मिनिटांनी आणखी एकदा. इथे बघत राहण्यासारखं असतं. पहिल्या घडीला पीठ ओढलं की तुटतं. तिसऱ्या घडीला तेच पीठ फडक्यासारखं लांब येतं, त्यातून खालच्या बेदाण्याचा रंग दिसतो, तरी फाटत नाही.

मग पीठ जवळजवळ दुप्पट होऊ द्या. माझ्याकडे तासभर लागतो, थंडीत दीड-दोन. ओट्यावर हलकेच चापट करून घट्ट गुंडाळा, जोड खाली ठेवून तूप-लोणी लावलेल्या टिनमध्ये ठेवा. बाहेर डोकावणारे बेदाणे बोटाने आत ढकला किंवा काढून खालच्या बाजूला दाबा. वरचेच जळतात. टिनच्या काठाच्या बोटभर वर आला की १८० अंश सेल्सियसला ३५ ते ४० मिनिटं भाजा. २० मिनिटांनंतर वरून फॉइल टाका, कारण दूध आणि साखरेमुळे रंग लवकर चढतो. बाहेर काढून जाळीवर पूर्ण गार करा. तासभर तरी कापू नका.

गवतफूल

अगदी वेळेवर आला हा धागा. माझा ब्रेड मागच्या आठवड्यात फुगलाच नाही. दूध "कोमट" होतं असं मला वाटत होतं. नक्की किती अंश हवं?

अबोली

३५ ते ४० अंश. ५५-६० च्या घरात यीस्ट मरतं. माझाही एक ब्रेड असाच गेला. लोणी वितळवून गरमागरमच दुधात ओतलं, दूध तपासलं होतं ते लोणी घालायच्या आधी. तेव्हापासून मी सगळं एकत्र केल्यावरच बोट बुडवून बघते. शंका असेल तर थोडं गारच चालेल. गार दुधात यीस्ट हळू चालतं, पण चालतं.

आणि तुमचं यीस्ट कुठलं? जाड दाण्यांचं ॲक्टिव्ह ड्राय असेल तर ते आधी कोमट दुधात चिमूटभर साखरेबरोबर १० मिनिटं भिजवा, वर फेस आला पाहिजे. आणि ते इन्स्टंटपेक्षा पाव हिश्शाने जास्त घ्या. इन्स्टंट थेट पिठात चालतं.

गवतफूल

जाड दाण्यांचंच आहे! आणि मी ते थेट मैद्यात घातलं होतं. उद्याच पुन्हा करते.

निळीशाई

छान लिहिलंय. न मळता हे कसं जमतं असं कुणाला वाटत असेल तर थोडं सांगतो. मैद्यातली दोन प्रथिनं, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन, पाण्याशी गाठ पडली की आपोआप एकमेकांत गुंतायला लागतात आणि ग्लुटेनचं जाळं तयार होतं. मळल्याने ते काम लवकर होतं एवढंच. पीठ सैल असेल आणि वेळ दिला तर घड्या पुरतात. न्यूयॉर्कच्या जिम लाही यांची न मळता करायच्या ब्रेडची पद्धत २००६ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली आणि घरोघरच्या लोकांना धीर आला. त्यात यीस्ट अगदी चिमूटभर आणि वेळ रात्रभराचा. अबोलीताईंच्या कृतीत यीस्ट जास्त आहे म्हणून तीन-साडेतीन तासांत होतं.

फळांच्या ब्रेडला न मळणं आणखी एका कारणाने बरं. जोरात मळताना बेदाणे फुटतात, पिठाला करडे-तपकिरी पट्टे पडतात आणि फुटलेल्या फळातली साखर यीस्टच्या वाटेत येते.

शेवंती

साखर तर यीस्टचं खाणं ना? मग वाटेत कशी येईल? मी उलट ४० ऐवजी १०० ग्रॅम घालायच्या विचारात होते, मुलांना गोड आवडतं.

निळीशाई

थोडी असेल तर खाणं. जास्त झाली की साखर पाणी धरून ठेवते आणि यीस्टच्या पेशीतूनही पाणी बाहेर ओढते. मग ते सुस्तावतं. ४०० ग्रॅम मैद्याला ४० ग्रॅम म्हणजे १० टक्के, तेवढ्यातच वेग थोडा कमी होतो. १०० घातलीत तर पीठ फुगायला दुप्पट वेळही लागू शकतो. खूप गोड पिठासाठी वेगळं, साखर सोसणारं इन्स्टंट यीस्ट मिळतं, ते असेल तर गोष्ट निराळी. एरवी गोडवा फळांतून येऊ द्या. साखरेत मुरवलेली फळं असतील तर आधी धुऊन, कोरडी करून घाला.

दोनचमचे

मी काल केला. सुकी फळं नव्हती म्हणून ताजा अननस बारीक चिरून घातला, पाणी पिळून, फडक्यावर कोरडा करून, सगळं लिहिलंय तसंच. पहिल्या घडीला पीठ छान होतं. दुसऱ्या घडीला हाताला चिकटायला लागलं. तिसऱ्या वेळी झाकण काढलं तर पीठ नाही, खळच. ओढलं की नुसतं ओघळत होतं. मैदा घातला, आणखी घातला, काही उपयोग नाही. शेवटी टाकून द्यावं लागलं. फार वाईट वाटलं. माझं काय चुकलं?

अबोली

अरेरे, वाईट वाटलं वाचून. तुमच्या हाताचं काही चुकलं नाही, अननसाचा गुण आहे तो. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. पिठाला धरून ठेवणारं ग्लुटेन हेसुद्धा प्रथिनच. तुम्ही घड्या घालून जाळं विणत होतात आणि अननस ते मागून उसवत होता. म्हणून मैदा वाढवून काही झालं नाही. मैदा पाणी शोषतो, पण तुटलेलं जाळं जोडत नाही.

पपई, किवी आणि ताजं अंजीर यांचंही असंच. ही फळं आधी शिजवून घ्या. उष्णतेने विकर निकामी होतं. अननसाच्या बारीक फोडी कढईत पाणी आटेपर्यंत परता, फोड आतपर्यंत वाफाळली पाहिजे. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, तो नुसता निथळून, कोरडा करून चालतो.

दोनचमचे

हे कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नव्हतं. धन्यवाद ताई. कढईत परतून पुन्हा करतो.

पहाटवारा

सफरचंदाचं काय? आमच्याकडे ढीग पडलाय.

अबोली

सफरचंदाला विकराची भीती नाही, पण पाणी मात्र भरपूर, ८५ टक्क्यांच्या आसपास. अर्ध्या इंचाच्या फोडी करा आणि चमचाभर लोण्यावर परता, फोडीच्या कडा पारदर्शक होऊन तव्यात पाणी उरेनासं होईपर्यंत. गार झाल्यावर घाला. कच्च्या फोडी घातल्या तर भाजताना आक्रसतात आणि भोवती पोकळी राहते, तळाशी ओल साठते.

पिकलेलं केळं तुकडे करून घालू नका, कुस्करून दुधातच मिसळा. सोललेली २०० ग्रॅम केळी घेतलीत तर दूध निम्मं करा, कारण केळ्याचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. मग पीठ बघून चमचा-चमचा वाढवा. रसाळ बेरी आणि द्राक्षं मला आत कधीच नीट जमली नाहीत, फुटून जांभळा चिखल होतो. ती वरून दाबून भाजलेली जास्त चांगली लागतात.

जुनापिंपळ

मी पिठातच दोन मोठे चमचे दालचिनी पूड घातली. सुगंध अप्रतिम, पण ब्रेड बसका. यीस्ट ताजं होतं, दुसऱ्या ब्रेडला तेच वापरलं आणि तो झकास फुगला.

निळीशाई

दालचिनीच. तिच्यातल्या सिनॅमाल्डिहाइडमुळे यीस्टचं काम मंदावतं. पिठात अर्धा छोटा चमचा ठीक, त्याहून जास्त नको. हवी तेवढी दालचिनी साखरेत मिसळून गुंडाळताना आतल्या थरात भुरभुरवा, म्हणजे पिठातल्या यीस्टशी तिचा संबंध कमी येतो. थराखाली लोणी लावू नका, पाण्याचा नाहीतर दुधाचा हात फिरवा. लोण्यामुळे थर सुटतात आणि कापल्यावर काप गोल-गोल उलगडतो.

जुनापिंपळ

तोही अनुभव येऊन गेलाय. आता कळलं.

तांबूस

कणकेचा होईल का? घरात मैदा आणत नाही.

अबोली

होईल, पण पहिल्यांदा निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्या. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या धाग्यांना कापत राहतात आणि कणीक पाणीही जास्त पिते. दूध ३०-४० मिलीने वाढवा आणि पहिली विश्रांती अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास द्या, कोंडा मऊ पडतो. पूर्ण कणकेचाही मी केलाय. तो उंच होत नाही, पण खजूर घालून चवीला फार सुरेख लागतो. हलका असेल अशी अपेक्षा ठेवून करू नका.

गवतफूल

केला! फेस आला, पीठ फुगलं, टिनच्या वरही आला. मग बाजारात गेले, यायला अर्धा तास उशीर झाला. भाजायला ठेवल्यावर मध्ये खळगा पडला. चव छान आहे, पण आत मोठी भोकं आणि वर खड्डा.

अबोली

आधी अभिनंदन, यीस्टची अडचण सुटली! हे जास्त फुगल्यामुळे. आतल्या वायूने जाळं इतकं ताणलं की ओव्हनची उष्णता लागल्यावर आणखी ताणायला जागाच उरली नाही. पुढच्या वेळी घड्याळ बाजूला ठेवा आणि बोटावर मैदा लावून पिठाला अर्धा इंच दाबा. खड्डा लगेच भरून आला तर अजून थांबा. हळूहळू, अर्धवट भरून आला तर ओव्हनमध्ये ठेवा. तसाच राहिला तर उशीर झालाय.

टिनमध्ये घालायच्या आधी असं झालं तर घाबरायचं नाही. हवा काढून पुन्हा गुंडाळा आणि परत फुगू द्या. बाहेर जायचंच असेल तर टिन फ्रिजमध्ये ठेवून जा.

पहाटवारा

फ्रिजवरून विचारतो, रात्री करून ठेवून सकाळी भाजता येईल?

अबोली

हो, मला तर तोच जास्त आवडतो. यीस्ट निम्मं करा, एकच छोटा चमचा. घड्या घालून झाल्या की पीठ झाकून ८ ते १२ तास फ्रिजमध्ये. सकाळी गारच गुंडाळा, गार पीठ हाताला कमी चिकटतं. मग टिनमध्ये दीड-दोन तास. सावकाश आंबल्यामुळे चवीला खोली येते, आणि बेदाणे रात्रभरात पिठाशी पूर्ण जुळवून घेतात.

मोरपंखी

माझ्या ओव्हनमध्ये ३५ मिनिटांनी वरून काळपट आणि कापल्यावर मध्ये ओला. १८० च ठेवलं होतं.

निळीशाई

ओव्हनला पंखा आहे का? असेल तर १६० ठेवा. आणि शक्य असेल तर आत ठेवायचा तापमापक घ्या, ओव्हनची तबकडी आणि आतलं खरं तापमान यांत बराच फरक असू शकतो. ब्रेड झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका. मध्यभागी तापमापक खुपसून ९२-९३ अंश आले की झाला. सुई फळात घुसू देऊ नका, पिठात घुसवा.

अबोली

तापमापक नसेल तर टिनमधून काढून तळावर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज आला पाहिजे. आवाज भरीव असेल तर टिनशिवाय, थेट जाळीवर आणखी ५-७ मिनिटं. आणि मोरपंखी, कापला किती वेळाने?

मोरपंखी

बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी. वास सुटला होता, मुलं थांबेनात.

अबोली

मग अर्धं कारण तेच. बाहेर काढला तरी आतला स्टार्च अजून बसत असतो, वाफ बाहेर पडत असते. गरम कापला की सुरीला लगदा चिकटतो आणि भाजलेला ब्रेडही कच्चा वाटतो. फळांच्या ब्रेडला तर जास्तच जपावं लागतं, कारण फळं उष्णता धरून ठेवतात. मुलांसाठी थोडं पीठ बाजूला काढून चार छोटे पाव करा, ते २० मिनिटांत भाजून होतात आणि लवकर गार होतात. माझ्याकडे असंच चालतं.

तांबूस

उरलेला फ्रिजमध्ये ठेवायचा ना? फळं आहेत, खराब होईल.

निळीशाई

फ्रिजमध्ये तो सगळ्यात लवकर शिळा होतो. आपल्याला वाटतं ब्रेड वाळतो म्हणून कडक होतो. १८५२ मध्ये बूसँगो या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने दाखवलं की हवाबंद ठेवून, पाणी अजिबात न गमावताही ब्रेड शिळा होतो, आणि ६० अंशांच्या वर तापवला की पुन्हा मऊ पडतो. स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत बसतात, आणि फ्रिजच्या तापमानाला ते काम सगळ्यात वेगाने होतं. दोन दिवस बाहेर डब्यात ठेवा. त्याहून जास्त ठेवायचा तर काप करून फ्रीझरमध्ये, आणि तिथून थेट टोस्टरमध्ये. हवा दमट असेल तर दुसऱ्याच दिवशी फ्रीझर गाठा, बुरशीची वाट बघू नका.

शेवंती

एक महत्त्वाचं, घरात कुत्रा असेल त्यांच्यासाठी. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्यांना विषारी असतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कच्चं यीस्टचं पीठही तितकंच धोक्याचं, पोटात जाऊन फुगतं आणि त्यात मद्यार्क तयार होतो. फुगायला ठेवलेलं भांडं उंचावर ठेवा. आमच्या कुत्र्याने एकदा ओट्यावरचं फडकं ओढलं होतं, सुदैवाने भांडं रिकामं होतं. खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे न्या.

अबोली

फार चांगलं केलंत लिहून. मूळ कृतीतच हे टाकायला हवं होतं.

दोनचमचे

आज पुन्हा केला. अननस कढईत परतला, चांगली १२ मिनिटं, फोडी पिवळ्याधमक आणि थोड्या चिवट झाल्या. ताटात पसरून गार केल्या. पहिल्या घडीला जीव मुठीत घेऊन बसलो होतो. दुसऱ्या घडीला पीठ हातात आलं. तिसऱ्या घडीला ताई म्हणतात तसं ओढून बघितलं, पलीकडचा पिवळा तुकडा दिसत होता आणि पीठ फाटत नव्हतं. तळावर टकटक करून बघितलं, पोकळ वाजला. आता जाळीवर आहे. अजून चाळीस मिनिटं थांबायचंय.